तहकूब

वैजनाथरावांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं, दोघांचं एकमत आहे याची खात्री करून घेतली आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून म्हणाले, "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे." खुर्च्यांनी काही हरकत घेतली नाही. मरिया मात्र दचकली. खरं तर हे वाक्य तिला नवं नव्हतं. दवाखान्यात रोग्यांजवळ बसणाऱ्या 'सोबत मंडळा'च्या वार्षिक सभेच्या नोटिशीत ते दरवर्षी तळाशी असायचं: गणसंख्या पुरी न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच ठिकाणी पुन्हा भरेल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. सगळ्याच संस्थांच्या नोटिशीत असतं ते, आणि कोणीच वाचत नाही. तिनंसुद्धा इतकी वर्षं त्याखाली 'अध्यक्ष' म्हणून सही ठोकली होती, आणि आज पहिल्यांदा तिला त्याचा अर्थ लागला. माणसं आली नाहीत तर अर्धा तास थांबायचं आणि मग माणसांची गरजच नाही असं धरून चालायचं. काय पण नियम काढलाय, ती मनात म्हणाली.

"नियमाप्रमाणे खाली फळ्यावर लिहून येतो," वैजनाथराव उठत म्हणाले. "कोणी उशिरा आलं तर त्याला कळायला नको का?" ते कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, मंडळाचे चिटणीस झाले तेव्हापासून मंडळाला कायद्याचं एक वळण लागलं होतं. खिशात पेनाशेजारी खडू ठेवणारा हा नगरमधला एकटाच माणूस असेल. शहराचं नाव बदललं त्या आठवड्यात त्यांनी 'अहिल्यानगर' असा शिक्का करून आणला आणि मंडळाच्या उरलेल्या सगळ्या कोऱ्या लेटरहेडवर बसून उठवला. ते खाली गेले, वाचनालयाच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहून वर आले, पांढरी बोटं झटकली आणि शेवटच्या खुर्चीवर पेपर उघडून बसले. अर्ध्या तासाचं काय करायचं हा प्रश्न त्यांना कधी पडत नसावा. कोर्टात माणसाला वाट बघायची सवय लागते.

मरियाला ती सवय नव्हती. म्हणजे दुसऱ्याच्या खाटेशेजारी बसून वाट बघायची होती, ती तर तिनंच लोकांना शिकवली होती. पण ती वेगळी. इथं, वाचनालयाच्या वरच्या या हॉलमध्ये, कोणाच्या शेजारी बसायचं? ती खिडकीशी गेली. खिडक्या सगळ्या मागच्या बाजूला, तिथून दिसायचं ते एका गोदामाचं पत्र्याचं छप्पर आणि त्यावर टाकलेला गणपतीच्या मांडवाचा बांबू-कापडाचा ढीग. रस्ता पुढच्या अंगाला, जिन्याच्या बाजूला. तिकडचा फक्त आवाज यायचा. गणपती नुकते गेले होते. काय ती पोरं, ती मनात म्हणाली, तीन तीन रात्री जागून मांडव घालतात, कोणी नोटीस काढत नाही, कोणी फोन करत नाही, आणि आमच्याकडे रोग्याजवळ दोन तास गप्प बसायला माणूस मिळत नाही. मग तिला वाटलं, हे आपण म्हातारीसारखं बोलतोय. मग वाटलं, म्हातारीच आहोत. गुडघा ठणकत होता. ती परत येऊन टेबलामागच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसली, आणि बसल्याबरोबर तिचा उजवा पाय हलायला लागला.

टेबलावर विषयपत्रिका होती. विषय क्रमांक चार: मंडळाचे काम कायमचे थांबविण्याबाबत विचार करणे. 'विसर्जन' म्हटलं की पुढे सतरा कागद लागतात, म्हणून वैजनाथरावांनीच हे शब्द सुचवले होते. "सूचक मी होईन," ते म्हणाले होते, "तुमची इच्छाच असेल तर. पण तुम्ही अध्यक्ष, तुम्हाला अनुमोदन देता येणार नाही. अनुमोदक कोणीतरी हवा." तेव्हा ती म्हणाली होती, "एक माणूस तरी येईलच की हो." आता तिला त्या बोलण्याची लाज वाटली. बंद करायलासुद्धा एक माणूस लागतो आणि तोही नाही. आणि खरं सांगायचं तर तिला मंडळ बंद करायचंच नव्हतं. तो विषय तिनं घातला होता तो माणसं धावत यावीत म्हणून. कोणीतरी उठावं, आवाज चढवावा, बाई तुम्हाला हे करण्याचा अधिकार काय असं विचारावं, टेबलावर हात आपटावा. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईनं असला पोरकट डाव टाकावा! घरातून निघून जाण्याची धमकी देणारं माणूस दारात उभं राहून मागे वळून बघतं, तशी ती गेले पंधरा दिवस फोनकडे बघत होती. आणि आतून कोणी हाक मारली नव्हती.

फोन तर सकाळीही बघून झाला होता. पुरुषांच्या वॉर्डात भिमाजीबाबा होते, हायवेला एका ढाब्यापाशी पडलेले सापडले, सोबत कोणी नाही, नाव सांगतात पण गाव सांगत नाहीत. रात्री-दिवसा खाटेचा लोखंडी दांडा धरून ठेवतात, जणू खाट निघून जाणार आहे. जवळ कोणी बसलं की हात सुटतो. म्हणून तिनं ग्रुपवर लिहिलं होतं: आज मी सभेत आहे, दुपारी चार ते सहा भिमाजीबाबांजवळ कोणी बसेल का? तासाभरात जोडलेले हात यायला लागले. एक, दोन, पाच, मग एका पाठोपाठ एक. एक अंगठा. मंडळातल्या, आता पुण्याला गेलेल्या कल्याणचं 'ग्रेट वर्क, बाई'. एकानंही 'मी बसतो' म्हटलं नाही. तिला वाटलं त्या सगळ्या पिवळ्या हातांपैकी एक हात उचलून न्यावा आणि त्या म्हाताऱ्याच्या हातात द्यावा. आत्ता या क्षणी तो दांडा धरून पडला असेल, आणि ती इथं रिकाम्या खुर्च्यांची अध्यक्ष होऊन बसली होती. तिचा पाय आणखी जोरात हलला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास किणकिणला आणि वैजनाथरावांनी पेपरवरून एकदा पाहिलं.

पाय हलवायचा नाही, हा मंडळाचा पहिला नियम. तिचाच. तिची आई सरकारी दवाखान्यात होती तेव्हा शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, रंगुबाई. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, "बस की गं माझ्यापाशी." नर्सला, झाडूवालीला, दुसऱ्यांच्या पाहुण्यांना. एका संध्याकाळी मरिया बसली. काय बोलायचं कळेना, म्हणून नुसती बसली. थोड्या वेळानं रंगुबाई म्हणाली, "जा बाई तू. तुला उशीर व्हतोय." मरिया म्हणाली, "नाही हो, मला कुठे जायचंय!" तर म्हातारीनं नुसती नजर खाली टाकली. मरियाचा पाय हलत होता. तिला पत्ताच नव्हता. दोन दिवसांनी त्या खाटेवर धुतलेली चादर होती. त्यानंतर आई बरी होऊन घरी आली, आणि चर्चमधल्या चार बायका आणि शाळेतल्या दोन बाई मिळून सोबत मंडळ सुरू झालं. नव्या माणसाला ती तीनच गोष्टी सांगायची: सल्ला द्यायचा नाही, फोन काढायचा नाही, पाय हलवायचा नाही. पाय हलला की खाटेवरच्या माणसाला वाटतं, हा निघालाच. केवढी माणसं होती तेव्हा! सभेला खुर्च्या कमी पडायच्या, लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे, आणि नोटिशीच्या तळाचं ते वाक्य कोणाला माहीतही नव्हतं.

खाली रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली. मरियानं कान टवकारले. मग दुसरी. मग रिक्षाचा तो ओळखीचा खडखडाट, आणि तिच्या मनात आलं, गिदोन! पण जिन्यावर पाऊल वाजलं नाही. नगरात काय एकट्या गिदोनचीच रिक्षा खडखडते? शेजारी चहाची टपरी आहे, तिथं दिवसभर वाहनं थांबतात. तरी तिला गिदोन आठवत राहिला. सुरुवातीला तोच सगळ्यात मनापासून यायचा. त्याचा वार गुरुवार. खाटेजवळ बसला की हळू आवाजात भजनं म्हणायचा, रोगी हिंदू असो, मुसलमान असो, त्याला काही फरक पडायचा नाही, आणि रोग्यालाही नाही. पण मग काय झालं कोणास ठाऊक. गुरुवारी ती वॉर्डात असली की गिदोन दारातूनच 'सलाम, बाई' करायचा आणि निघून जायचा. एकदा, दोनदा, दर गुरुवारी. ती तिथं सहजच जायची, बरोबर चाललंय ना बघायला, आणि आलोच आहोत तर बसू म्हणून बसायची. तिला वाटलं त्याचा उत्साह संपला. सगळ्यांचा संपत होता. नंतर तिनं त्याचा गुरुवार स्वतःच्या नावावर लिहून टाकला, त्याला न बोलता, म्हणजे त्याला ओशाळं वाटू नये. तोही काही बोलला नाही. असे करत करत आठवड्याचे सगळे वार तिच्याच नावावर आले होते.

माणसं का येत नाहीत याच्यावर उपाय म्हणून आरतीनं, ती कॉलेजात शिकवते, एकदा पुण्याहून एक बाई आणल्या होत्या. विषय, सदस्यांचा सहभाग कसा वाढवावा. त्या बाईंनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. ज्याच्याकडे गुंडा येईल त्यानं आपण मंडळात का आलो ते सांगायचं आणि धागा धरून गुंडा पुढे टाकायचा. शेवटी म्हणे आपल्याला एक जाळं दिसतं. दिसलं खरं. सगळे हसले, फोटो काढले, जेवले. गिदोन म्हणाला, "बाई, आता ह्यातनं बाहेर कसं पडायचं?" आणि वैजनाथराव तेवढे मागे राहून ती सगळी लोकर सोडवत बसले, नीट गुंडा करून त्या बाईंच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात वॉर्डात मरिया एकटीच होती. तेव्हा तिला राग आला होता तो आज आठवून पुन्हा आला, अगदी ताजा. कोणाचा राग? पुण्याच्या बाईंचा नाही. ती धागा धरून उभी होती आणि तिच्याकडे गुंडा आला तेव्हा ती म्हणाली होती, "मी कशाला सांगू? माझं काय, मी तर आहेच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. 'मी तर आहेच.' त्या टाळ्या का झोंबल्या ते तिला तेव्हा कळलं नाही, आणि आत्ताही धड कळत नव्हतं.

खाली आता बरीच माणसं बोलत होती. एकदम हसण्याचा फवारा उडाला. कोणीतरी टाळी दिली. तिच्या मनात आलं, उठून जिन्यातून खाली बघावं. आणि लगेच आलं, का? टपरीवर चहा पिणाऱ्यांना मोजायला? वैजनाथराव काय म्हणतील, बाई वेड्यासारख्या जिन्यात उभ्या. हसू द्या त्यांना. रविवार आहे, लोकांना घरदार आहे, हसतील. तिचं घर तर दोन खोल्यांचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ग्लोरिया नाशिकला. मंडळ बंद झालं की उद्या सकाळी उठून काय करायचं? हा प्रश्न तिनं इतके दिवस जवळ येऊ दिला नव्हता, तो आता सरळ समोरच्या खुर्चीवर येऊन बसला. लोक म्हणतात, बाई मंडळासाठी झिजल्या. उलटंच होतं ते. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी खाटेशेजारी बसायला मिळत होतं म्हणून ती एकटी नव्हती. रोग्याला सोबत होती की तिला, हे आज कोणी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. तिला एकदम रडू आलं. शेवटच्या खुर्चीवर पेपर वाजला, तशी ती विषयपत्रिका वाचल्यासारखं करू लागली. खालच्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या, रिक्षा खडखडत निघून गेली, आणि रस्ता शांत झाला. आता वाट बघण्यासारखा आवाजही राहिला नाही.

मग जिन्यावर पाऊल वाजलं. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. डोक्यावरचा पदर सावरत, हातात कापडी पिशवी, धापा टाकत मनकर्णा दारात उभी राहिली. "बाई, लई उंच जिना हाय हो तुमचा." मनकर्णा पाथर्डीकडची. ऊसतोडीला गेली असताना तिच्या नवऱ्याचा, सहादेवचा पाय ट्रॅक्टरखाली आला, आणि तो महिनाभर इथल्या वॉर्डात होता. तिला लेकरांसाठी टोळीत परत जावं लागलं तेव्हा सहादेवजवळ मरिया बसली होती. पुढच्या वर्षी मनकर्णा आपण होऊन मंडळात आली. म्हणाली, "मला लिवता-वाचता येत न्हाई, पर बसता येतंय." तेव्हापासून दसऱ्यानंतर कारखान्यावर जाईपर्यंत ती जमेल तसं एसटीनं येऊन बसायची.

"तू एकटीच आलीस?" मरियानं विचारलं.

"एकटी कशाला येईन? गिदोननं फोन केल्ता समद्यास्नी. बाई मंडळ मोडायला निघाल्यात, समदे या म्हनून. मला स्टँडवरनं त्याच्याच रिक्षात आनलं. उशीर झाला त्यात."

"मग बाकीचे कुठायत?"

"गेले की. खाली दाराशी फळा वाचला आन् समदे थबकले. मग गिदोन वराडला, तहकूब झालं! बाईंनी बंद करायचं तहकूब केलं! लई हसली मान्सं. आरती म्याडमनी टाळ्या वाजवल्या. म्हनले, बाईंचं मन फिरलं, आता पुढच्या तारखेला बघू. आन् गेले."

वैजनाथराव उभे राहिले होते. "अहो, सभा तहकूब! विषय नव्हे! अर्ध्या तासापुरती!"

"तसं लिवलं हुतं का तुमी, अर्धा तास?"

वैजनाथरावांनी पेपरची घडी घातली, पुन्हा घातली. "ते नोटिशीत आहेच की," ते म्हणाले, आणि मग अगदी बारीक आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं, "कोर्टात तहकूब म्हटलं की पक्षकार घरी जातात."

मरियाला हसावं की ओरडावं कळेना. आली होती माणसं. पायरीपर्यंत आली होती. तिला हवं होतं तस्संच, धावत, भांडायला, आणि ती हसत परत गेली, तेव्हा मरिया इथं वर बसून तो हसण्याचा आवाज ऐकत होती. "आणि तू गं? तू कशी आलीस वर?"

"मला काय वाचता येतंय? मी म्हनलं, तुमी व्हा म्होरं, बाई वर असत्याल, त्यास्नी भेटून येते." मनकर्णानं पिशवी खाली ठेवली. "ते दवाखान्यात गेले, चार-पाच जनं. त्या भिमाजीबाबापाशी."

"चार-पाच? एका म्हाताऱ्याजवळ?" मरिया ताडकन उभी राहिली. "मी सकाळी लिहिलं होतं! सगळ्यांनी हात जोडले. एकजण नाही म्हणाला येतो म्हणून. एकजण नाही!"

"तुमी लिवता आन् तुमीच जाता," मनकर्णा म्हणाली. त्यात टोचणी नव्हती; भाकरी झाली असं सांगावं तसं ती सांगत होती. "मान्सं म्हंत्यात, बाई बसल्याच असत्याल. मंग जाऊन दारातनं माघारी यायचं व्हय? आज ठावं हुतं ना, तुमी हितं अडकलाय. म्हनून पळाले."

दारातून सलाम करून वळणारा गिदोन मरियाला दिसला, सगळे गुरुवार दिसले. तिला आनंद झाला आणि त्याच वेळी जिव्हारी लागलं. दोन्ही इतकी एकदम की वेगळी करता येईनात. आपण नव्हतो म्हणून गेले. त्या क्षणी वॉर्डात भिमाजीबाबांचा हात दांड्यावरून सुटला असेल, आणि तो तिच्या हातात नव्हता.

वैजनाथरावांनी घड्याळाकडे पाहिलं. सवयीनंच पाहिलं असावं, कारण पाहून ते अवघडले. "बाई, वेळ झाली. आता गणसंख्येची अट नाही. सभा... आणि आता आपण तिघं आहोत. म्हणजे सूचक मी, आणि अनुमोदक..." ते मनकर्णाकडे पाहून थांबले.

"अनुमोदक म्हंजी काय?"

"म्हणजे, मला हे मान्य आहे, असं म्हणायचं."

"काय मान्य हाय?"

"मंडळ बंद करणं."

मनकर्णानं मरियाकडे पाहिलं. "ते तं तहकूब झालं ना?"

मरियानं विषयपत्रिका उचलली, पुन्हा खाली ठेवली. तिघांच्या जोरावर आज काहीही मंजूर होऊ शकत होतं, सर्वानुमते. असा अधिकार तिला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. "लिहा, वैजनाथराव," ती म्हणाली. "विषय क्रमांक चार तहकूब."

"किती वेळ? अर्धा तास?"

"नाही. तुमच्या कोर्टात असतो तसा."

वैजनाथरावांनी चष्म्यावरून बघितलं, आणि मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते लिहायला बसले. मरियानं पर्स उचलली, चष्मा आत टाकला, वॉर्डात चार-पाच जण म्हणजे गोंगाट होणार, सिस्टर ओरडणार, गिदोन भजन म्हणणार, बाबांना पाणी चमच्यानं द्यायचं हे त्यांना कोण सांगणार, ती दाराकडे वळली.

"कुटं निघालात?"

"दवाखान्यात. जरा बघून येते."

"बसा की बाई," मनकर्णा म्हणाली. "तितं मान्सं हायेत." आणि तिनं समोरची एक रिकामी खुर्ची ओढली, तिच्याजवळ आणखी एक ओढली आणि त्यातल्या एकीत बसली.

मरिया दारात उभी राहिली. मग आली आणि बसली. कोणासाठी बसलोय हे तिला कळत नव्हतं. कोणी आजारी नव्हतं, कोणाला पाणी द्यायचं नव्हतं, रस्त्यावरून येणाऱ्या आवाजात कोणाची वाटही बघायची नव्हती. मागे वैजनाथरावांचं पेन कागदावर घासत होतं. मनात येत होतं, पाच मिनिटं बसू आणि निघू. फक्त दारातून बघून येऊ.

मनकर्णानं हात पुढे केला आणि मरियाच्या गुडघ्यावर ठेवला.

"पाय नका हलवू, बाई," ती म्हणाली. "शेजारच्याला वाटतं, तुमी निघालाच."